‘खरं आहे का हे?’ हे सगळ्यात शेवटी विचारा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विज्ञानाची बातमी पडली की दोनच उत्तरं येतात. एक, ‘बापरे, सगळ्यांना पाठवा.’ दुसरं, ‘असलं सगळं थोतांड असतं.’ दुसरं उत्तर देणारा स्वतःला चिकित्सक समजतो, पण तपासलेलं त्यानेही काहीच नसतं. उरलेले जे दोघे-तिघे खरंच तपासायला बसतात, ते क्रम चुकवतात. थेट गुगलवर ‘अमुक खरं की खोटं’ टाकतात, वरच्या तीन लिंकांत जे मत दिसेल ते उचलतात, आणि मूळ बातमीत नेमका दावा काय होता हे शेवटपर्यंत वाचतच नाहीत. खाली तो क्रम लावून दिला आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या ग्रुपांवर जे पुन्हा पुन्हा फिरतं, तेच नमुन्याला घेतलं आहे.

तयारी

मोबाइलवर हे काम करू नका, निदान पहिल्या चार-पाच वेळा तरी. एका वेळी तीन-चार टॅब उघडे लागतात आणि मोबाइलवर माणूस मधेच तिसऱ्याच रीलमध्ये शिरतो. लॅपटॉप, कागद, कॅल्क्युलेटर आणि वीस मिनिटं एवढं पुरतं.

ब्राउझरमध्ये पाच जागा बुकमार्क करून ठेवा: वैद्यकीय शोधनिबंधांसाठी पबमेड, भौतिकशास्त्र आणि संगणकाच्या कच्च्या निबंधांसाठी आर्काइव्ह (arXiv), भारतातल्या औषधचाचण्यांसाठी सीटीआरआय, मागे घेतलेल्या निबंधांसाठी रिट्रॅक्शन वॉचची यादी, आणि वेबपानांच्या जुन्या प्रतींसाठी वेबॅक मशीन. पाचही फुकट आहेत.

कागदाच्या डोक्यावर हे आकडे लिहून ठेवा, कारण दर दुसऱ्या बातमीला ते लागतात: मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. विजेचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर.

टप्पा १: तपासायचं की सोडून द्यायचं

स्वतःला एकच विचारा: हे खरं निघालं तर उद्या मी वेगळं काय करणार? औषध बदलणार, पैसे गुंतवणार, गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध सोसायटीच्या सभेत हात वर करणार, असं काही उत्तर आलं तर पुढे चला. ‘काहीच नाही’ असं आलं तर बातमी सोडून द्या, आणि पुढेही पाठवू नका. कृष्णविवरांबद्दलची बातमी चुकली म्हणून कुणाचं बिघडत नाही.

टप्पा २: दावा एका वाक्यात लिहून काढा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. बातमीतली विशेषणं, ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ आणि उद्गारचिन्हं काढून टाका. उरलेलं एका वाक्यात लिहा: कुणी, कशावर, किती, कुठे, कधी. जे बातमीत नसेल त्या जागी प्रश्नचिन्ह टाका. तीनपेक्षा जास्त प्रश्नचिन्हं पडली तर इथेच थांबा. त्या बातमीत तपासण्यासारखं काही नाही.

एका बातमीत बहुधा दोन-तीन दावे एकमेकांत गुंतलेले असतात. ते सुटे करा, कारण त्यातला एक खरा असतो आणि बाकीचे त्याच्या आधाराने उभे असतात. चंद्रयान-३ घ्या. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्रावर उतरलं, हे पक्कं. ‘दक्षिण ध्रुवावर उतरलं’ हे मात्र मथळ्यातलं. यान उतरलं ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. चंद्रावर एक अंश म्हणजे जवळपास ३० किलोमीटर, तेव्हा ध्रुव तिथून सहाशेहून अधिक किलोमीटर लांब राहिला. त्याआधी ध्रुवाच्या इतक्या जवळ कुणी अलगद उतरलं नव्हतं, त्यामुळे कामगिरीला उणेपणा येत नाही. वाक्य तेवढं दुरुस्त करायचं.

सावध: ‘शकतो’, ‘संकेत’, ‘दावा’ हे शब्द आणि मथळ्यातलं प्रश्नचिन्ह वाक्य लिहिताना गाळू नका. उपसंपादकाने ते स्वतःच्या बचावासाठी ठेवलेले असतात. वाचणारा नेमके तेच विसरतो.

टप्पा ३: बातमी जन्मली कुठे

बातमीचा प्रवास ठरलेला असतो: शोधनिबंध, मग संस्थेचं प्रसिद्धिपत्रक, मग वृत्तसंस्था, मग वर्तमानपत्र, मग यूट्यूब, मग तुमचा ग्रुप. तुम्हाला उलटं चालत जायचं आहे.

पहिल्यांदा बातमीत नियतकालिकाचं, विद्यापीठाचं किंवा संशोधकाचं नाव शोधा. शोध इंग्रजीत घ्या. मराठीत शोधलं की त्याच बातमीच्या वीस नकला समोर येतात आणि ‘वीस ठिकाणी आलंय म्हणजे खरंच असणार’ असं वाटू लागतं. वृत्तसंस्थेची एकच प्रत वीस जणांनी छापली तर तो पुरावा एकच राहतो. निबंध सापडला की त्याचा डीओआय, म्हणजे १० या आकड्याने सुरू होणारा ओळखक्रमांक, कागदावर लिहा. नंतर मागे घेतल्याचं तपासायला तोच कामी येतो.

प्रसिद्धिपत्रकापाशी थांबू नका. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये विद्यापीठांची ४६२ आरोग्यविषयक प्रसिद्धिपत्रकं मूळ निबंधांशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांतला सल्ला निबंधापेक्षा फुगवलेला होता आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांपर्यंत ताणलेला होता. म्हणजे पत्रकाराने हात लावण्याआधीच बातमी फुगलेली असते. दर वेळी त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

सोबत फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाका आणि सगळ्यात जुनी तारीख शोधा. व्हिडिओ असेल तर मधली एक स्थिर चौकट स्क्रीनशॉट घेऊन तेच करा.

पडताळा: आता कागदावर तीनपैकी एक गोष्ट हवी. मूळ निबंध सापडला, फक्त प्रसिद्धिपत्रक सापडलं, किंवा काहीच सापडलं नाही. तिसरं असेल आणि मेसेजमध्ये ‘नासा’, ‘बीबीसी’ किंवा ‘टाटा हॉस्पिटल’ असं भारदस्त नाव असेल, तर त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होतो हा मेसेज टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या नावाने फिरला होता. रुग्णालयाने तो स्पष्ट नाकारला, तरी अजून येतो. खारघरला त्याच संस्थेचं संशोधन केंद्र आहे, म्हणून नवी मुंबईच्या ग्रुपांत तो जरा जास्तच विश्वासाने वाचला जातो.

सावध: आर्काइव्ह किंवा त्याच धर्तीची वैद्यकीय निबंधांची जागा मेडआर्काइव्ह, इथला निबंध म्हणजे प्रीप्रिंट. तो दुसऱ्या तज्ज्ञांनी अजून तपासलेला नसतो. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या गटाने एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचे दोन प्रीप्रिंट टाकले आणि जगभर धमाल उडाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुसऱ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं की सुमारे १०४ अंश सेल्सिअसला विद्युतरोध एकदम खाली येत होता तो मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. अतिवाहकता नव्हतीच. पहिली बातमी अजूनही फिरते, दुसरी कुणी पुढे पाठवली नाही. छापून आलेला निबंधही शेवटचा शब्द नसतो: ‘नेचर’मध्ये मार्च २०२३ ला आलेला अतिवाहकतेचाच एक गाजलेला निबंध त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. म्हणून डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत टाकून बघा. अर्धं मिनिट लागतं.

टप्पा ४: संशोधन कुठल्या पायरीवर आहे

औषधाची शिडी अशी: काचेच्या बशीतल्या पेशी, मग उंदीर, मग मूठभर माणसांवर सुरक्षिततेची चाचणी, मग काही शे ते काही हजार माणसांवर तुलनेची चाचणी, मग परवानगी. बातमी कुठल्या पायरीवरची आहे ते एका शब्दात लिहा. बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्या याला फार किंमत देऊ नका. बशीत फिनेल ओतलं तरी पेशी मरतात. भारतात चाचणी चालू असल्याचा दावा असेल तर सीटीआरआयवर तिची नोंद हवीच. १५ जून २००९ पासून औषधाच्या चाचणीची ही नोंद सक्तीची आहे. नोंदीत किती माणसं, कुणाशी तुलना आणि काय मोजणार हे लिहिलेलं असतं.

बॅटरीचीही शिडी असते: प्रयोगशाळेतला नाण्याएवढा सेल, मग हाताच्या पंजाएवढा पाऊच, मग चाचणीपुरतं उत्पादन, मग कारखाना, मग रस्त्यावरची गाडी. ‘दहा मिनिटांत चार्ज’ हे बहुधा नाण्याबद्दल असतं आणि शेजारचा फोटो गाडीचा असतो.

टप्पा ५: आकडे

इथे घाई करू नका. निम्म्याहून अधिक बातम्या याच टप्प्यावर गळतात, आणि त्यासाठी आठवीपलीकडचं गणित लागत नाही.

पहिलं, बातमीतला आकडा स्वतःशी तरी जुळतो का ते बघा. दरवर्षी येणारा ‘अफेलियन’चा मेसेज घ्या: पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, नेहमीचं अंतर ५ प्रकाशमिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर, आता ते १५.२ कोटी होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त, त्यामुळे ऑगस्टपर्यंत गारठा, सर्दी, खोकला. कॅल्क्युलेटर घ्या. १५.२ वजा ९ बरोबर ६.२, भागिले ९, येतात ६९ टक्के. मेसेजचं स्वतःचंच गणित चुकलं. आता खरं अंतर: सरासरी १४.९६ कोटी किलोमीटर. त्याला ३ लाखाने भागलं की ४९९ सेकंद, म्हणजे ८ मिनिटं १९ सेकंद. पाच मिनिटं नव्हेत. मग ९ कोटी आले कुठून? सूर्य ९.३ कोटी मैलांवर आहे. कुणीतरी मैलांचा आकडा किलोमीटरच्या शेजारी ठेवला असावा. पृथ्वी दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, १४.७ कोटींवर. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. आणि ठाण्यात कपाटातलं स्वेटर निघतं ते सूर्य जवळ असताना, जानेवारीत.

दुसरं, ‘टक्क्यांनी वाढ’ दिसली की विचारा, कितीवरून कितीवर? ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका १०० जणांत ५ समजला तर वाढून ५.९ होतो. शंभरातला एकही पूर्ण माणूस वाढत नाही. १८ आणि ०.९ हे दोन्ही आकडे खरे, पण मथळ्याला नेहमी मोठाच लागतो. पुरावा किती भक्कम यावरून हीच संस्था पदार्थांचे गट पाडते, आणि त्या गटांबद्दल आणखी एक घोळ कायम होतो. ‘गट १ मध्ये तंबाखूच्या शेजारी ठेवलं’ याचा अर्थ पुरावा तितका भक्कम आहे, धोका तितकाच आहे असा नव्हे. जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम हे गोडवा देणारं रसायन गट २-ब मध्ये, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात गेलं, तेव्हाही दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही चालणारी मर्यादा बदलली नाही. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला रोज ९ ते १४ कॅन डाएट पेय प्यावं लागेल.

तिसरं, मोजणीची रेघ कुठे आखली ते बघा. हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून दोन नमुने देतो. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधनाच्या गोळीला २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि अणूंच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. ‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ हे त्या रेघेच्या आत खरं आहे. पण लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून जवळपास ३०० मेगाज्यूल खेचले गेले. आपल्या भाषेत, ८३ युनिट जाळून एका युनिटपेक्षा कमी हाती आलं. भौतिकशास्त्रासाठी मोठा टप्पा, वीजबिलासाठी शून्य.

दुसरा नमुना ऐरोली, महापे, रबाळेकरांच्या जवळचा, कारण डेटा सेंटर तिथेच उभी आहेत. ‘एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जातं.’ ज्या अमेरिकी अभ्यासातून हे निघालं त्यात जीपीटी-३ च्या १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर असा अंदाज होता, म्हणजे एका उत्तरामागे १० ते ५० मिलिलिटर. त्यात वीज निर्माण करताना वीजकेंद्रात खर्ची पडणारं पाणीही धरलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जेमिनीच्या एका सर्वसाधारण लिखित प्रश्नासाठी ०.२६ मिलिलिटर असा आकडा दिला. त्यात वीजकेंद्राचं पाणी धरलेलं नाही, मॉडेल नवीन आहे, आणि मोजणी करणारी कंपनी स्वतःच आहे. दोन आकड्यांत चाळीसपट ते जवळपास दोनशेपट तफावत पडते, आणि त्यासाठी कुणी खोटं बोलण्याची गरज नाही. महाप्यातल्या एखाद्या इमारतीबद्दल या दोन्हींतून काहीच कळत नाही. तिथलं शीतकरण हवेवर चालतं की पाण्याच्या कूलिंग टॉवरवर, आणि पाणी पिण्याचं येतं की प्रक्रिया केलेलं, हे दोन प्रश्न विचारा.

चौथं, विजेचा हिशेब. ‘हजार किलोमीटर धावणारी, दहा मिनिटांत चार्ज होणारी गाडी.’ मोटारीला किलोमीटरमागे साधारण ०.१५ युनिट लागतं. हजार किलोमीटरला १५० युनिट, म्हणजे लहान कुटुंबाची महिन्याची वीज. ती दहा मिनिटांत भरायची तर १५० गुणिले ६, नऊशे किलोवॅट. एका फ्लॅटचा मंजूर भार ५ किलोवॅट धरला तर १८० फ्लॅटनी एकदम पूर्ण भाराने वीज ओढल्यासारखं. घोडबंदरचा अख्खा टॉवर झाला. बॅटरी कदाचित खरीच तशी असेल. तिला वीज पुरवणारं चार्जर कुठे आहे, ते बातमीत शोधा.

पाचवं, किती माणसं आणि किती मोजमापं. २०१५ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने मुद्दाम कमकुवत चाचणी करून ‘चॉकलेटने वजन उतरतं’ ही बातमी जगभर छापून आणली होती. माणसं १५, तीन आठवडे, मोजमापं १८. प्रत्येक मोजमापात योगायोगाने ‘परिणाम’ दिसायची शक्यता ५ टक्के धरली आणि मोजमापं एकमेकांवर अवलंबून नाहीत असं मानलं, तर अठरांपैकी निदान एकात तो दिसायची शक्यता ६० टक्के होते. थोडी माणसं आणि भरपूर मोजमापं असं जोडीने दिसलं की कागदावर लाल खूण करा.

सावध, भाषांतराच्या चुका: बिलियनचे ‘कोटी’ होतात आणि आकडा शंभरपट घसरतो. तापमानात १.५ अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे २.७ अंश फॅरनहाइट, पण ३२ मिळवून भलतंच काही छापलं जातं. ४०० टक्क्यांनी वाढ म्हणजे पाचपट, चौपट नव्हे.

टप्पा ६: घरी मोजता येतं का

फार थोड्या बातम्या घरी तपासता येतात. पण ज्या येतात त्यांच्यावर सभेत तासभर वाद घालणं म्हणजे हातच्या कांकणाला आरसा मागणं. ‘स्मार्ट मीटर दुप्पट पळतो’ हे त्यातलं एक.

आधी जुनी बिलं काढा आणि रुपये न बघता युनिट बघा, तेही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा: २८ आणि ३३ दिवसांच्या बिलांत १८ टक्के फरक नुसत्या दिवसांचा असतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायरीवर चढतात, त्यामुळे युनिट थोडे वाढले तरी रुपये जास्त उडी मारतात.

मग मीटर. त्याच्या तोंडावर ‘इम्प/केडब्ल्यूएच’ असा आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरांवर ३२००. लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट.

१. फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर, सगळं बंद करा. इन्व्हर्टर हमखास विसरला जातो, आणि तो गुपचूप चार्ज होत राहतो. दिवा दोन मिनिटं लुकलुकला नाही तर पुढे जा. लुकलुकला तर काहीतरी चालू राहिलंय.

२. १५०० वॅटच्या किटलीत दीड लिटर साधं पाणी भरून चालू करा. ते उकळायला पाच मिनिटं लागतात, तोवर वॅट बदलत नाहीत. इस्त्री घेऊ नका, ती मधेच आपोआप बंद होते.

३. कुणीतरी खाली मीटरपाशी तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. डोळ्यांनी मोजायला गेलात तर चुकाल. नंतर व्हिडिओ सावकाश चालवून मोजा.

४. हिशेब: ३२०० गुणिले १.५ भागिले ६० बरोबर मिनिटाला ८०. तीन मिनिटांत २४०.

किटलीवरचे १५०० वॅट २३० व्होल्टला असतात. व्होल्टेज २२० असेल तर वॅट साडेआठ टक्क्यांनी घटतात, २४० असेल तर नऊ टक्क्यांनी वाढतात. म्हणून २२० ते २६० मधला कुठलाही आकडा ठीक. ४८० आला तर ‘दुप्पट’ खरं, मग व्हिडिओ जपून ठेवून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. ‘दोन टक्क्यांनी पळतो’ हे मात्र या रीतीने ठरवता येणार नाही. तसा प्रयत्नही करू नका.

सावध: मीटरच्या सीलला, झाकणाला हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

दुसरा विषय गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा. सभेत कुणीतरी ‘रेडिएशन मीटर’चं ॲप उघडून आकडा दाखवतो. असली ॲप फोनमधला चुंबकीय संवेदक वाचतात, जो होकायंत्रासाठी असतो. लिफ्टच्या मोटरपाशी किंवा लोखंडी कपाटापाशीही तो उसळतो. टॉवरच्या रेडिओलहरी त्याला कळतच नाहीत. त्या मोजायचं यंत्र वेगळं असतं, आणि ठरावीक शुल्क भरून अधिकृत मोजणी मागवण्याची सोय दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये भारताने मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॅटऐवजी ०.४५. अहवाल हातात आला की त्यातला आकडा त्या वेळच्या मर्यादेशी ताडून बघायचा. फोनचा स्वतःचा आकडा हवा असेल तर डायल करा स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश. एसएआर, म्हणजे शरीर दर किलोला फोनची किती रेडिओऊर्जा शोषतं तो आकडा, दिसतो. भारतातली मर्यादा किलोला १.६ वॅट आहे.

टप्पा ७: बाहेरचा माणूस काय म्हणतो

बातमीत संशोधनाशी संबंध नसलेल्या एका तरी तज्ज्ञाचं मत आहे का बघा. नसेल तर इंग्रजी बातम्यांत शोधा. चांगल्या बातमीत ते बहुधा शेवटून तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात असतं आणि मराठीत येताना जागेअभावी तेच कापलं जातं. निबंधाच्या शेवटी पैसे कुणी दिले आणि हितसंबंध काय, हे लिहिलेलं असतं. कंपनीचा पैसा दिसला म्हणून निबंध लगेच खोटा ठरत नाही. दुसऱ्या कुणी तोच प्रयोग केला का, एवढं मात्र बघाच.

सावध: एआयला ‘हे खरं का’ विचारून मोकळे होऊ नका. तो अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावंही बेधडक देतो. इंग्रजी शोधशब्द सुचवायला त्याला वापरा, आणि त्याने दिलेला प्रत्येक डीओआय स्वतः उघडून बघा.

टप्पा ८: निकाल आणि उत्तर

आता कुठे ‘खरं आहे का’ हा प्रश्न. उत्तर हो-नाही मध्ये बसवू नका, चारपैकी एक खण निवडा: ‘चूक’, ‘खरं पण फुगवलेलं’, ‘कच्चं’ (म्हणजे सहा महिन्यांनी बघू), ‘खरं आणि कामाचं’. शेजारी तारीख टाका. ‘कच्चं’च्या खणातल्या गोष्टी कॅलेंडरला लावा, नाहीतर तो खण म्हणजे अडगळ होते.

ग्रुपवर उत्तर देताना ‘फेक’ हा एक शब्द टाकून निघून जाऊ नका, आणि दहा ओळींचं व्याख्यानही नको. चुकलेला एक आकडा, बरोबर आकडा आणि करायची गोष्ट, एवढंच. मोठ्या माणसाने पाठवलं असेल तर आधी वैयक्तिक मेसेज:

‘काकू, त्या मेसेजमध्ये मैलांचे किलोमीटर करताना गडबड झालेली दिसते. सूर्य नेहमीच साधारण १५ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत जेमतेम १५.२ कोटी. गारवा पावसाळी ढगांचा आहे. काकांचा खोकला मात्र आठवडाभर आहे म्हणालात, तो डॉक्टरांना दाखवा ना.’

हे उत्तर तारखेसह नोट्समध्ये जपून ठेवा. अफेलियनचा मेसेज पुढच्या वर्षी परत येणारच, बहुधा त्याच काकूंकडून.